टाचेची भेग

२३ जुलै २०२१, शुक्रवार. आषाढी एकादशी होऊन तीन दिवस झाले होते. पहाटे चारच्या सुमारास सासूबाईंनी हाक मारली, "उदक येयलें गो!" आमच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीवर, नळाला पाणी पहाटेच येतं, त्यामुळे ही हाक रोजचीच. मी झोपेतच कळशी घ्यायला पलंगावरून पाय खाली टाकला आणि तो घोट्यापर्यंत बुडाला.

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात म्हादई नदीच्या काठी आमचं घर. पावसाळ्यात न्हंय, म्हणजे नदी, कुळागराच्या, आमच्या पोफळीच्या बागेच्या, खालच्या कुंपणाला येऊन टेकते, हे दरवर्षीचंच. त्या दिवशी ती कुंपण, पोफळी, गोठा, विहीर असं सगळं ओलांडून स्वयंपाकघरात आली. वाड्यावरची म्हातारी माणसं १९८२ सालच्या पुराच्या गोष्टी सांगायची. त्यानंतरचा हाच सगळ्यांत मोठा पूर, असं मुख्यमंत्रीही म्हणाले. दुपारी कळलं की पैकुळचा पूल वाहून गेला. पण पुराचं मला फार सांगायचं नाही. त्याचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. शनिवारी सकाळी पाणी उतरलं. माझी गोष्ट तिथून पुढची आहे.

घरात वीतभर चिखल. त्याला शेणाचा, डिझेलचा आणि कुजलेल्या सुपारीचा मिळून एक वास होता, तो अजून कधीतरी नाकात येतो. घरात गमबुटांची जोडी एकच, आमच्या ह्यांची, नऊ नंबरची. ते घालून हे कुळागरात किती पोफळी आडव्या झाल्या ते बघायला गेले. मी आणि जाऊबाई मॅक्सी खोचून अनवाणी कामाला लागलो. चपला घातल्या तर चिखलातच रुतून राहायच्या. माझ्या भावाने फोंड्याहून रबरी हातमोजे पाठवले होते, ते मात्र दोघींनी घातले. टाचांना माझ्या बाराही महिने भेगा. रात्री भिरंडेल, म्हणजे कोकमाचं तेल, गरम करून त्यात भरते, पण पावसाळ्यात ओल्याने त्या पुन्हा उघडतात. दोन दिवस मी त्या उघड्या भेगा घेऊन त्या चिखलात उभी होते. घमेल्याने चिखल उपसताना गोठ्याच्या कोपऱ्यात मेलेले उंदीर सापडले. सहा मोजले आणि पुढे मोजायचं सोडून दिलं.

मग विहीर. आमची विहीर चिऱ्यांनी बांधलेली, कठडा कमरेएवढा. पुराचं पाणी कठड्यावरून गेलं होतं. रविवारी आत डोकावले तर पाणी दुधाच्या चहासारखं, वर पोफळीची झावळं, एक प्लास्टिकची खुर्ची आणि फुगलेली एक कोंबडी. चुलतदिराने मांगरातून, म्हणजे बागेतल्या खोपटातून, ब्लीचिंग पावडरची गेल्या वर्षीची उरलेली पिशवी आणली आणि सरळ आत रिकामी केली. पावडरीचे ढेकूळ झाले होते, ते टपटप बुडाले. "झालं वहिनी, उद्या पिया."

सोमवारी आरोग्य केंद्राचा मुलगा आला. मुलगा म्हणजे कर्मचारी, पण पंचविशीतला, माझ्या पहिल्या तुकडीतल्या पोरांच्या वयाचा. मी वाड्यावरच्या मराठी प्राथमिक शाळेत शिकवते, त्यामुळे मला सगळे मुलगेच दिसतात. त्याने रिकामी पिशवी नाकाशी धरली आणि म्हणाला, "बाई, हिला वासच नाही." ताज्या पावडरीत साधारण तिसरा हिस्सा कामाचा क्लोरीन असतो. पिशवी उघडी राहिली, दमट हवा लागली की तो उडून जातो आणि उरतो चुना. म्हणजे आम्ही विहिरीला चुना लावला होता. त्यातून पाणी इतकं गढूळ असलं की क्लोरीन टाकला तरी तो चिखल आणि पालापाचोळाच खाऊन टाकतो, जंतूंच्या वाट्याला काही येत नाही.

दीर म्हणाला, पंप लावतो, तासाभरात कोरडी करतो. मुलाने हात धरला. भोवतालची जमीन पाण्याने भरलेली असते. विहीर एकदम रिकामी केली तर आतला दाब जातो, बाहेरचा तसाच राहतो आणि चिरे आत येतात. मग दोन दिवस थोडं थोडं उपसलं, पोहऱ्याने कचरा काढला, वरचं पाणी जरा निवळू दिलं.

सासूबाईंना हा सगळा खटाटोप पटत नव्हता. त्यांचं म्हणणं, एवढी मोठी न्हंय वरून गेली, विहीर उलट धुऊन निघाली. त्या विहिरीच्या पाण्याला त्या गंगा म्हणतात. मी त्यांना काही बोलले नाही, पण शेजाऱ्यांच्या संडासाचा शोषखड्डा आमच्या विहिरीपासून चढावर वीस पावलांवर आहे. निदान पन्नास फूट अंतर हवं म्हणतात. आणि आमची जमीन जांभ्याची, आतून भोकाभोकांची, तिथे पन्नास फुटांचाही फारसा भरवसा नाही. पुराच्या रात्री तर तो खड्डा, आमचा गोठा आणि ही विहीर असं सगळं एकच तळं होतं.

बुधवारी मुलगा वजनकाटा आणि दोन बादल्या घेऊन आला. आधी दोरीला दगड बांधून पाण्याची खोली मोजली, चार मीटर. विहिरीचा व्यास तीन मीटर. मी चौथीपर्यंत शिकवते, दंडगोलाचं घनफळ विसरले होते. त्याने कठड्यावर खडूने मांडलं : व्यासाचा वर्ग, गुणिले खोली, गुणिले ३.१४, भागिले चार. आले २८ घनमीटर आणि वर थोडं, म्हणजे सुमारे २८,००० लिटर. एरवी १,००० लिटरला अडीच ग्रॅम पावडर पुरते. त्या हिशेबाने सत्तर ग्रॅम. पुराची विहीर म्हणून दुप्पट, दीडशे धरू. एवढ्या मोठ्या विहिरीला दीडशे ग्रॅम! दिराने तर अडीच किलोची पिशवी उपडी केली होती.

पावडर थोड्या पाण्यात कालवून आधी पेस्ट केली, मग बादली पाऊणभर भरली. एका बादलीला शंभर ग्रॅमच्या वर नाही, म्हणून दोन बादल्या. दहा मिनिटं ठेवून चुना तळाला बसू दिला. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतून ती दोरीने विहिरीत सोडली आणि वरखाली हिंदकळवली. चुन्याचा गाळ आत जाऊ द्यायचा नाही, त्याने पाणी जड होतं. मग एक तास थांबायचं. त्या तासात त्याने दोन कप चहा घेतला आणि आमच्या मोबाईलला रेंज नसल्याचं कळल्यावर त्याला माझी दया आली. त्या वर्षी शाळा ऑनलाइन होती आणि माझे विद्यार्थी रेंजसाठी डोंगर चढायचे.

तासाने नमुना नळीत काढून त्यात क्लोरीन तपासायच्या औषधाचे दोन थेंब टाकले. रंगच आला नाही. सगळा क्लोरीन पाण्याने खाल्ला होता. पुन्हा शंभर ग्रॅम, पुन्हा तास. या वेळी नळीत पिवळा रंग उतरला, पिकायला लागलेल्या लिंबाच्या सालीसारखा. "हा दिसला पाहिजे. नाही दिसला तर मला फोन करा. आणि दिसला तरी सध्या उकळूनच प्या." नळ चार दिवस कोरडा होता. टँकर एकदा आला, तो वाड्याच्या तोंडाशी रिकामा झाला आणि आतल्या घरांपर्यंत पोचलाच नाही. तेव्हा विहिरीवाचून इलाजच नव्हता.

विहिरीचं सांगताना मंगळवार राहिला, आणि तोच महत्त्वाचा.

मंगळवारी, २७ तारखेला, नर्सबाई आल्या होत्या. त्यांना घरं ठाऊक नव्हती, मला सगळी ठाऊक, म्हणून मी बरोबर फिरले. चिखलात उतरलेल्या प्रत्येक मोठ्या माणसाला डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकच्या शंभर-शंभर मिलिग्रॅमच्या दोन कॅप्सूल, एकदमच घ्यायच्या, आठवड्याने पुन्हा. गरोदर बाया आणि लहान मुलं सोडून. उपाशीपोटी नाही, भरपूर पाण्याबरोबर, आणि घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका पोळते. नर्सबाई एकदा सांगायच्या, मी आमच्या भाषेत दुसऱ्यांदा सांगायचे. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे लेप्टो, हा रोग येतो म्हटल्यावर बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. मी म्हणायचे, हसू नका, नखाएवढी जखम पुरते त्याला.

घरी आले तेव्हा माझ्या वाटच्या दोन कॅप्सूल हातात होत्या. त्या दिवशी अंगारकी होती. माझा उपवास, आणि गोळी तर जेवून घ्यायची. म्हटलं, रात्री चंद्रोदयानंतर घेऊ. चंद्र ढगांत दिसलाच नाही. पंचांगातली वेळ बघून दहा वाजता सोडला उपवास, आणि दिवसभराच्या पायपिटीने ताटावरच डुलक्या यायला लागल्या. कॅप्सूल तिरफळांच्या डब्यात राहिल्या.

त्या आठवड्यात वाड्यावर जुलाब सुरू झाले. पाच घरं, बहुतेक मुलं. माझा सगळा वेळ ओआरएसमध्ये गेला, आणि इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. पाकिटावर लिहिलेलं असतं, एक लिटर पाण्यात मिसळा. लोक काय करतात, पेलाभर पाण्यात चिमूट टाकतात आणि उरलेलं गुंडाळी करून ठेवतात. मीठ-साखरेचं प्रमाण बिघडतं, कधी इतकं घट्ट होतं की जुलाब वाढतात. मी म्हटलं, बाटलीने मोजा. पण गोव्यात घरोघर जी बाटली सापडते ती ७५० मिलीची! शेवटी मिनरल वॉटरच्या लिटरच्या बाटल्या शोधून प्रत्येक घरात एक दिली आणि त्यावर नेलपॉलिशने रेघ ओढली. पोरांना झिंकच्या गोळ्याही होत्या, चौदा दिवस द्यायच्या. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले की आया गोळ्या बंद करायच्या. मी रोज सकाळी पाकिटातल्या रिकाम्या जागा मोजायचे. शाळा बंद होती, पण हजेरी घ्यायची सवय कुठे जाते.

३ ऑगस्टला दुपारी मला थंडी वाजली. पाठोपाठ ताप, १०३. डोकं असं की कपाळावर हात ठेवलेला सोसेना.

तेव्हाचा काळ आठवा. मे महिन्यात कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत वाड्यावरची दोन माणसं गेली होती. ताप म्हणजे एकच गोष्ट. एका दवाखान्यात गेले, तर दाराबाहेरच नाकात काडी घातली. अँटीजेन निगेटिव्ह. दुसरा नमुना आरटीपीसीआरला पाठवला आणि रिपोर्ट येईतो खोलीत वेगळं राहा म्हणून पॅरासिटामॉल दिली. पुराचं कोणी विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही सांगितलं नाही. मला सुचलंच नाही. दहा दिवसांपूर्वीचा चिखल आणि आजचा ताप यांचा संबंध मी घरोघर सांगत फिरले होते, पण तो दुसऱ्यांसाठी.

दोन दिवस खोलीत. जाऊबाई दारात पेज ठेवून जायच्या. ५ तारखेला रिपोर्ट आला, निगेटिव्ह. सगळ्यांना हायसं वाटलं. मला मात्र त्या दिवशी संडासातून उठता येईना. पोटऱ्या अशा दुखत होत्या, जशा कोणी मुसळाने कांडल्यात. लघवी थोडी आणि कोऱ्या चहाच्या रंगाची. आरशात बघितलं तर डोळे लालभडक, पण चिपडं नाहीत, पाणी नाही.

६ तारखेला ह्यांनी मला आरोग्य केंद्रात नेलं. ड्युटीवर एक तरुण डॉक्टरीण होती. तिने आधी माझे डोळे पाहिले, मग काही न बोलता पोटरी दाबली. मी ओरडले. तेव्हा तिने विचारलं, "पुराच्या पाण्यात उतरला होता?" आणि मग, "पाय बघू." टाच उचलून भेगांवर टॉर्च मारला. दोन भेगांच्या कडा अजून काळ्या होत्या. तो चिखल घासूनही निघाला नव्हता.

सासूबाईंनी बाहेरून विचारलं, माकडताप तर नाही ना? आमच्याकडे २०१५पासून ती धास्ती आहे, गोचिडींमुळे येणारा क्यासनूर जंगलाचा ताप. डॉक्टरीण म्हणाली, तो उन्हाळ्याकडचा, जंगलात जाणाऱ्यांचा. हा पावसाचा. लेप्टो असावा.

रक्तात प्लेटलेट ६२,०००, क्रिएटिनिन २.१. पहिला आकडा दीड लाखाच्या वर हवा, दुसरा माझ्यासारख्या बाईचा एकाच्या आसपास. मूत्रपिंडं कुरकुरायला लागली होती. तिने लेप्टोच्या चाचणीसाठी रक्त घेतलं, पण रिपोर्टची वाट न बघता सलाईनमधून इंजेक्शन सुरू केलं. "या तपासणीत शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्यं शोधतात. ती व्हायला पाच-सात दिवस लागतात. तुमचा आज चौथा. निगेटिव्ह येईल कदाचित, म्हणून थांबायचं नाही." तसंच झालं, पहिला रिपोर्ट निगेटिव्ह. आठवड्याने घेतलेला पॉझिटिव्ह आला, तोपर्यंत मी बरी व्हायला लागले होते. ती जर कागदावर विसंबली असती तर काय, हा विचार मी करत नाही.

त्याच संध्याकाळी १०८ च्या रुग्णवाहिकेतून बांबोळीच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात. पन्नासेक किलोमीटर. रस्त्यात प्रत्येक खड्डा पोटऱ्यांना कळत होता.

हॉस्पिटलचं मला एवढंच ठळक आठवतं : लघवी मोजायचा प्लास्टिकचा जग. दर वेळी त्यात करायची, नर्स खुणेशी डोळा नेऊन आकडा लिहायची. पहिल्या दिवसभरात ४०० मिली. मूत्रपिंडं सावरताहेत की नाही ते त्या जगावरून ठरत होतं, नाहीतर डायलिसिस. तिसऱ्या दिवशी ९००, चौथ्या दिवशी १,६००. नर्सने मला टाळी दिली. बाजूच्या खाटेवरची म्हातारी विचारायला लागली, पोरगा झाला काय हिला? आयुष्यात लघवीबद्दल माझं एवढं कौतुक कधी झालं नव्हतं.

सात दिवस इंजेक्शन. नागपंचमी तिथेच गेली. १४ ऑगस्टला घरी आले तेव्हा वाड्यावर आरोग्य पथकाची दुसरी फेरी होऊन गेली होती. माझ्या आजाराने लोकांना जे पटलं ते माझ्या बोलण्याने पटलं नव्हतं. नर्सबाईंनी या वेळी कॅप्सूल हातात दिल्या नाहीत, समोर गिळायला लावल्या. गोळी घेतली म्हणजे रोग होणारच नाही असं नाही, हेही त्या सांगत होत्या, पण ऐकायला कोणाला वेळ होता.

पुराच्या मदतीची माणसं तोवर कधीच परतली होती. चादरी वाटून झाल्या, पंचनामे झाले, फोटो निघाले. काविळीला मात्र घाई नसते. अ प्रकारची कावीळ पाण्यातून पोटात गेल्यावर साधारण चार आठवड्यांनी वर येते. २३ ऑगस्टच्या सुमारास शेजारच्या दोन मुलांचे डोळे पिवळे झाले. त्यांच्या आईने पहिल्या आठवड्यात दोनच दिवस पाणी उकळलं होतं. ओल्या लाकडांवर उकळलेल्या पाण्याला धुराचा वास येतो, पोरं पीत नाहीत, असं तिचं म्हणणं, आणि ते खोटंही नव्हतं. गॅस त्यांच्याकडे संपला होता. मुलं महिनाभरात बरी झाली. पालेभाजीचा रस आणि गळ्यात माळ असंही चालू होतं. मी फक्त एवढं पाहिलं की कोणी त्यांना भलतंसलतं औषध पाजत नाही.

सप्टेंबर उजाडला तसा मुलगा पुन्हा नळी घेऊन आला. चवथ १० तारखेला. गणपतीला विहिरीचंच पाणी लागतं, नळाचं चालत नाही, यात सासूबाईंनी माघार घेतलेली नाही. पण तो थेंब टाकत असताना त्या कठड्याशी येऊन उभ्या राहिल्या आणि रंग आल्यावर म्हणाल्या, "पिवळें जालें? जाल्यार बरें." गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीच्या सामानाबरोबर तिरफळं काढायला डबा उघडला, तेव्हा त्या दोन कॅप्सूल सापडल्या. मी त्या ह्यांना दाखवल्या नाहीत.

चवथीच्या बाजाराला वाळपईला गेले होते तेव्हा गमबूट बघितले. दुकानदाराकडे सात, आठ, नऊ, दहा. मी पाच मागितला. तो म्हणाला, बाई, बायकांचे येत नाहीत. मग आतून एक जोडी काढली, मुलांची, पिवळी, वर बदकं. पाय बसला. घेऊन आले.